क्रोशाच्या सुईला ओट्यावर आणि न्हाणीघरातही जागा मिळावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या महिलांसाठीच्या पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून हस्तकलेचे सदर सुरू आहे आणि त्यात क्रोशाच्या विणकामाला वरचेवर स्थान मिळते, ही या कामात बरीच वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकांना आनंद देणारी गोष्ट आहे. मात्र आजवर छापून आलेले नमुने पाहिले, तर दाराचे तोरण, देव्हाऱ्यातले आसन, टीव्हीवरचा रुमाल, मोराच्या नक्षीचा टेबलक्लॉथ आणि अलीकडे मुलांसाठी विणलेल्या बाहुल्या, एवढ्यावरच गाडी थांबलेली दिसते. ओट्यावर, भांडी घासण्याच्या जागी किंवा न्हाणीघरात रोज हाताला लागेल अशी एकही वस्तू त्यात आढळली नाही. ही उणीव दाखवण्यासाठी आणि ती कशी भरून काढता येईल हे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबेल, पण विषय हातांनी करायच्या कामाचा असल्याने तपशील दिल्याशिवाय त्याला अर्थ राहत नाही.

आपल्याकडे क्रोशे वाढले ते रुखवतात. लग्न ठरलेल्या मुलीने चाळीस नंबरच्या बारीक दोऱ्याचे रुमाल, ताटावरची झाकणे आणि तक्क्यांच्या खोळी विणायच्या, त्या वऱ्हाडी मंडळींनी पाहून वाखाणायच्या आणि मग सासरच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत त्यांची रवानगी व्हायची, असा हा क्रम होता. त्या कामातले कसब खरे होते, त्याविषयी मला पूर्ण आदर आहे. पण त्यातून एक समजूत पक्की झाली, की क्रोशे म्हणजे नाजूक, पांढरे, जपून ठेवायचे आणि पाहुणे आले की अंथरायचे. ज्या घरात आजी, आई आणि मावशी अशा तिघींना क्रोशे येते, त्याच घरात भांडी घासायला प्लास्टिकची हिरवी घासणी आणि तव्याचे कान धरायला फाटक्या बनियनचा तुकडा वापरला जातो, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

उपयोगी वस्तूंचा विचार सुरू करताना पहिला प्रश्न येतो तो दोऱ्याचा. आमच्या नागपुरात महाल, इतवारी किंवा बर्डीवरच्या दुकानात जाऊन लोकर मागितली की जे गुंडे समोर येतात ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. रंग सुरेख, किंमत कमी, हाताला मऊ आणि वजनाला हलके असल्यामुळे नवशिक्या मुली तेच घेतात. बाळाच्या टोपीला किंवा शालीला ते चालून जाते. स्वयंपाकघरात मात्र ते दोन कारणांनी अजिबात चालत नाही. पहिले कारण पाण्याचे. कापूस हा सेल्युलोजचा तंतू आहे आणि तो नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओलावा धरतो, तर अ‍ॅक्रिलिक जेमतेम १ ते २ टक्के धरते. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकचे फडके ओटा पुसत नाही, ओट्यावरचे पाणी फक्त इकडून तिकडे सरकवते. दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. पोळीचा तवा किंवा फोडणीची कढई ज्या तापमानाला पोहोचते, तेथे अ‍ॅक्रिलिकचा धागा मऊ पडून आकसतो आणि ज्योतीला लागलाच तर पेट घेऊन, वितळून कातडीला चिकटतो. पॉलिएस्टरची गतही फार वेगळी नाही. सुती धागा फार तापला तर करपतो, जळतो, पण हाताला चिकटत नाही. म्हणून गरम भांडे धरायची वस्तू अ‍ॅक्रिलिकमध्ये विणू नये, आणि कुणी विणून भेट दिली तर ती खुंटीवर शोभेसाठी टांगावी, असे मी स्पष्टच सांगते.

सुती दोऱ्यातही भेद आहेत. रुखवताच्या रुमालांचा चमकदार दोरा हा मर्सराइज्ड असतो, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलेला. जॉन मर्सर या इंग्रजाने या प्रक्रियेचे पेटंट १८५० मध्ये घेतले होते. तिच्यामुळे दोरा मजबूत होतो, रंग उठून दिसतो आणि नक्षीची रेष स्पष्ट येते. झाकणे, जाळ्या आणि पिशव्यांना तो उत्तम. फडक्याला मात्र सैल पिळाचा, चमक नसलेला, जाड सुती दोरा हवा, कारण तो पाणी लवकर ओढतो आणि हाताला मऊ लागतो. नेमका हाच दोरा नागपुरात सहज मिळत नाही. मागितला तर मॅक्रमेचा, म्हणजे गाठी मारून शोभेच्या वस्तू करायचा जाड दोर तरी दाखवतात किंवा गोधडी शिवायचे रीळ तरी. गोधडीचा दोरा तीन-चार पदरी करून काम भागवता येते, पण पदर सारखे निसटत राहतात आणि शिकणारीचा धीर सुटतो.

ज्या शहरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, जेथे १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था उभी आहे आणि ज्याच्या चहूबाजूंना वर्धा, यवतमाळ, अमरावतीपर्यंत कापसाचे पीक पसरलेले आहे, त्या शहरात विणायला साधा जाड सुती दोरा शोधत फिरावे लागते. यात दोष दुकानदारांचा कमी आणि मागणीचा अधिक आहे. शोभेच्या वस्तू विणणाऱ्या बायका बारीक दोरा मागतात, स्वेटर विणणाऱ्या अ‍ॅक्रिलिक मागतात, आणि ओट्यासाठी विणणाऱ्याच नाहीत म्हटल्यावर त्यांच्यासाठी माल कोण ठेवणार? आपल्या पुरवणीने असे नमुने छापायला सुरुवात केली, तर ही मागणी काही महिन्यांतच दिसू लागेल, असे मला वाटते.

दुकानदारांकडून एक गोष्ट मात्र अपेक्षित आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या लडीवर आणि गुंड्यावर तो धागा कशाचा आहे हे लिहिलेले असावे. पुष्कळदा ‘कॉटन’ म्हणून दिलेला दोरा मिश्र धाग्याचा निघतो. शंका आली तर घरी पारखता येते. वीतभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याने भरलेल्या थाळीवर जाळावा. सुती दोरा कागद जळाल्यासारख्या वासाने जळतो आणि मागे बोटांत चुरगळणारी करडी राख राहते. कृत्रिम धागा आकसत वितळतो आणि टोकाशी काळा, कडक मणी तयार होतो. तो मणी थंड झाल्याशिवाय बोट लावू नये. एवढी परीक्षा प्रत्येक विणणारीला ठाऊक असायला हवी.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळते. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे ओटा पुसायचे चौकोनी फडके, आमच्या घरांतले मसोते. चार मिलिमीटरची सुई, जाड सुती दोरा, वीतभर रुंदीची साखळी (एकात एक ओवलेल्या फासांची माळ) आणि तिच्यावर मुक्या खांबांच्या, म्हणजे आखूड, दाट टाक्याच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक साखळी घालून काम उलटायचे, बस्स. नवशिकीचे फडके वर जाताना अरुंद होत जाते, कारण ओळीतला शेवटचा खांब तिच्या नजरेतून सुटतो. पहिल्या आणि शेवटच्या खांबात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला की ही अडचण राहत नाही. फडके फार घट्ट विणू नये. घट्ट विणलेले फडके जाड होते, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येऊ लागतो. आपल्या उन्हाळ्यात हा प्रश्न नसतो, तेव्हा गच्चीवर टाकलेले फडके खाली उतरेपर्यंत वाळते. पण जुलै-ऑगस्टचा विचार करून विणलेले बरे. मुका खांब आणि साखळी आलटून-पालटून घेत गेले, तर वीण मोकळी येते, दोरा कमी लागतो आणि मधल्या उंचसखल पोतामुळे वाळलेले वरण किंवा दुधाचा डागही घासून निघतो. एका कोपऱ्यावर आठ-दहा साखळ्यांची कडी ठेवावी म्हणजे खिळ्याला टांगता येते. मटण-मासळी ज्या घरात होते तेथे त्या ओट्यासाठी वेगळ्या रंगाचे फडके ठेवण्याचा नियम करावा.

दुसरी वस्तू म्हणजे गरम भांड्याची पकड. सांडशी प्रत्येक घरात असते, पण ती कढईच्या कानाला, कुकरच्या झाकणाला किंवा ओव्हनमधल्या काचेच्या भांड्याला उपयोगी पडत नाही. पकडीसाठी लांब खांबांची जाळी कधीही घेऊ नये, कारण खांबांमधल्या फटींतून वाफ आणि उष्णता थेट बोटांना लागते. मुका खांबच घ्यावा आणि जाडी दुहेरी ठेवावी. यासाठी एक फार सुंदर युक्ती आहे. हव्या त्या लांबीची साखळी घालायची, तिच्या एका बाजूने मुके खांब विणत जायचे, टोकाशी काम न उलटता साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत यायचे आणि मग एकही खांब न वाढवता तसेच गोल गोल विणत राहायचे. सुरुवातीला ते काम होडीसारखे दिसते आणि शिकणारीला आपले काहीतरी बिघडले असे वाटते. विणीची उंची साखळीच्या साधारण निम्मी झाली की उघडी तोंडे तिरपी दुमडून एकमेकांना टेकवायची, म्हणजे आपोआप दुहेरी जाडीचा नेमका चौकोन तयार होतो. मग फक्त मधली शिवण घालायची. साखळी ३० सेंटिमीटर घेतली असेल, तर ती चौकोनाचा कर्ण होते आणि बाजू सुमारे २१ सेंटिमीटर येते. शाळेत मी हा नमुना शिकवीत असे तेव्हा भूमितीला कंटाळलेल्या मुलीही कर्ण आणि बाजू यांचे गणित स्वतःहून करू लागत.

पकडीबाबत एक सूचना नमुन्यासोबत ठळक छापली जावी. ती कधीही ओली वापरू नये. कोरड्या विणीत अडकलेली हवा उष्णता अडवते. ती जागा पाण्याने घेतली की उष्णता झपाट्याने हातापर्यंत येते, कारण पाणी हवेच्या २० पटींहूनही अधिक उष्णता वाहून नेते. ओट्याचे ओले फडके घाईत उचलून त्याने कढई धरणाऱ्या बायकांचे हात का भाजतात, ते यावरून लक्षात येईल.

तिसरी वस्तू चुंबळ. गोल बुडाचा माठ, कढई किंवा ताकाचा गंज टेकवायला आपल्याकडे पूर्वापार कापडाची किंवा गवताची चुंबळ असते. जुन्या सुती साडीच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडून, त्या जोडून, जाड सुईने त्याची चुंबळ किंवा सपाट गोल बैठक विणली तर ती वर्षानुवर्षे टिकते. सपाट गोल विणण्याचे एक साधे गणित आहे. मुक्या खांबाने विणायचे असेल तर पहिल्या फेरीत ६ खांब आणि पुढे प्रत्येक फेरीत ६ खांब वाढवायचे, म्हणजे ६, १२, १८, २४ असे. पूर्ण खांबाने, म्हणजे त्याहून उंच टाक्याने विणायचे असेल तर १२ ने सुरुवात आणि प्रत्येक फेरीत १२ ची वाढ. वाढ कमी पडली तर गोलाची वाटी होते आणि जास्त झाली तर कडेला झालर येते. ज्यांना हे गणित कळले त्यांना पुढे छापील नमुन्याची गरजच राहत नाही.

जाळीच्या कामालाही स्वयंपाकघरात रास्त जागा आहे. कांदे-लसूण टांगून ठेवायची पिशवी, संत्री-मोसंबी आणायची बाजाराची पिशवी, विरजणाच्या भांड्यावर किंवा पाण्याच्या तांब्यावर टाकायचे मण्यांच्या कडेचे झाकण या वस्तू साखळ्यांच्या जाळीत एका दुपारी होण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी भाजीबाजारात त्या दिसतातच. पदरात किंवा पर्समध्ये मुठीएवढी मावणारी आणि पाच किलो भाजी पेलणारी सुती जाळीची पिशवी हातात असली, तर निदान आपण तरी प्लास्टिकची पिशवी मागणार नाही. झाकणाची जाळी मात्र बारीक असावी. मोठ्या छिद्रांतून चिलट जाते आणि मग ते झाकण म्हणजे नुसती नक्षी.

येथे मला हेही सांगितले पाहिजे की स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू क्रोशाने विणायचा हट्ट धरू नये. पोळ्यांच्या डब्यात घालायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा क्रोशाच्या रुमालापेक्षा केव्हाही सरस, कारण तो पातळ असून वाफ सारखी ओढतो. काचेचे पेले पुसायलाही विणलेले फडके नको, त्याचे सूत काचेला लागते. करपलेल्या पातेल्याला काथ्याचा चोथा किंवा तारेची घासणीच हवी, तेथे सुती विणीचा निभाव लागणार नाही. काही उत्साही मंडळी हँडवॉशच्या बाटलीला झगा आणि गॅस सिलिंडरला कुंची विणतात, त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही.

न्हाणीघरातल्या वस्तूंमध्ये साबणाची पिशवी मला सर्वांत मोलाची वाटते. साबणाची वडी झिजून पातळ चकती उरली की ती हातातून निसटते आणि शेवटी मोरीत वाहून जाते. तळहाताएवढी सुती पिशवी मोकळ्या विणीत विणून तोंडाला साखळीची नाडी ओवली, तर अशा चकत्या तिच्यात टाकून शेवटपर्यंत वापरता येतात. पिशवीनेच अंग घासले जाते, फेस चांगला येतो आणि नाडीने नळाला टांगली की पाणी निथळून साबणाचा लगदा होत नाही. बाजारात मिळणारे रंगीत जाळीचे गोळे प्लास्टिकचे असतात, झिजताना त्यांचे बारीक कण पाण्यासोबत जातात आणि शेवटी गोळाही कचऱ्यात, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो. घोसाळ्याची वाळलेली जाळी हा त्याला आपला जुना पर्याय आहेच. पण ज्यांना ती टोचते, विशेषतः लहान मुले आणि वयस्कर माणसे, त्यांच्यासाठी सुती हातमोजा विणावा. चौकोनी तुकडा दुमडून दोन बाजू शिवल्या आणि अंगठ्याला फट ठेवली की तो तयार होतो. चेहरा पुसायला लागणाऱ्या कापसाच्या बोळ्यांऐवजी दोन-तीन फेऱ्यांच्या लहान चकत्या विणून ठेवल्या, तर त्या धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतात.

पायपुसणे मात्र विचार करून विणावे. जुन्या सुती टी-शर्टच्या पट्ट्यांचे पायपुसणे दिसायला देखणे असते आणि पाणीही भरपूर पिते. पण ओले झाल्यावर ते इतके जड होते की पिळायला दोन माणसे लागावीत. शिवाय गुळगुळीत फरशीवर ते सरकते, आणि घरात म्हातारे माणूस असेल तर हा धोका पत्करण्यासारखा नाही. खालून न सरकणारी रबरी जाळी घालणार असाल तरच ते न्हाणीघराच्या दाराशी ठेवावे, अन्यथा कोरड्या जागी अंथरावे.

धुण्याविषयी थोडे. सुती तंतूचा एक गुण असा की तो ओला झाल्यावर कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो. उलट व्हिस्कोस म्हणजे रेयॉन ओले झाल्यावर कमकुवत होते. म्हणूनच सुती फडके उकळत्या पाण्यात घातले, आपटले, पिळले तरी टिकते. पहिल्या धुण्यात ते थोडे आटते, हे धरून माप किंचित मोठे घ्यावे. गडद रंग पहिल्या काही धुण्यांत सोडतात, ते निराळे धुवावेत. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो असे सांगितले जाते, पण आजच्या तयार रंगवलेल्या दोऱ्यांना त्याचा उपयोग होत नाही. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव फडक्यांना लावू नयेत, त्यांचा थर बसून पाणी शोषण्याची शक्ती कमी होते. आठवड्यातून एकदा उकळते पाणी आणि त्यानंतर कडक ऊन मिळाले की स्पंजपेक्षा हे फडके कितीतरी स्वच्छ राहते, कारण स्पंज कुणी उकळत नाही आणि तो कधी पूर्ण वाळतही नाही.

या वस्तू विकून बचत गटांना उत्पन्न मिळेल, असे वाचकांपैकी काहींच्या मनात येईल. त्याविषयी माझे मत थोडे सावध आहे. खरे क्रोशे यंत्रावर होत नाही. बाजारात यंत्राचे म्हणून जे दिसते ते क्रोशासारखे दिसणारे निटिंग असते. म्हणजे जेथे कोठे खरे क्रोशाचे फडके किंवा टॉप स्वस्तात विकले जाते, तेथे कुणा बाईच्या तासन्तास कामाला फार कमी मोल मिळालेले असते. आंध्रात नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांमुळे क्रोशाची लेस रुजली, ती परदेशी गेली आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण घरी बसून विणणाऱ्या बाईच्या पदरात त्या किमतीतले किती पडते, हा प्रश्न तेथेही जुनाच आहे. आपल्याकडच्या प्रदर्शनांत मी पाहते, की बायका वस्तूची किंमत दोऱ्याच्या खर्चावर दहा-वीस रुपये चढवून सांगतात. स्वतःचे तास त्या मोजतच नाहीत. ओटा पुसायच्या फडक्याला योग्य मजुरीसह किंमत लावली तर गिऱ्हाईक मिळणे कठीण आणि मजुरी सोडली तर विणणारीची फसवणूक. म्हणून फडके आणि साबणाच्या पिशव्या घरासाठी, शेजारणीसाठी, लेकीच्या नव्या संसारासाठी विणाव्यात असे मी सुचवते. विकायच्याच असतील तर दुहेरी पकड, चुंबळ आणि बाजाराची पिशवी विकावी, कारण त्यांच्या टिकाऊपणाची किंमत गिऱ्हाइकाला पटवून देता येते. आणि विकताना धागा सुती आहे हे चिठ्ठीवर लिहावे. अ‍ॅक्रिलिकची पकड ‘हाताने विणलेली’ एवढ्याच गुणावर विकणे हा माझ्या मते अपराध आहे.

शाळांचाही येथे संबंध येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांच्या दप्तरविरहित काळाची शिफारस आहे आणि त्यात स्थानिक कारागिरांकडून काम शिकणे अपेक्षित आहे. त्या दहा दिवसांत प्रत्येक मुलाने आणि मुलीने एक फडके आणि एक पकड विणून घरी न्यावी, यासाठी एक सुई आणि दोन गुंडे पुरतात. मुलांचा उल्लेख मी मुद्दाम केला. आमच्या काळी कार्यानुभवाच्या तासाला मुलींना विणकाम आणि मुलांना बागकाम अशी वाटणी असे आणि तिचा तोटा दोघांनाही झाला. डावखुऱ्या मुलांना शिकवताना शेजारी बसवू नये, समोर बसवावे, म्हणजे आरशात पाहिल्याप्रमाणे त्यांना हाताची हालचाल उचलता येते. या एका गोष्टीअभावी कित्येक डावखुऱ्या मुलींनी सुई कायमची खाली ठेवलेली मी पाहिली आहे.

वयाने मोठ्या वाचकांचाही विचार व्हावा. साठीनंतर चाळीस नंबरचा दोरा डोळ्यांना दिसत नाही आणि पाऊण मिलिमीटरची पोलादी सुई बोटांत धरवत नाही, म्हणून उत्तम विणणाऱ्या कितीतरी बायकांनी काम सोडून दिले आहे. जाड दोरा आणि चार-पाच मिलिमीटरची हलकी सुई त्यांना सहज झेपते. फक्त एका बैठकीत अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक विणू नये आणि मध्ये मनगटे मोकळी करावीत.

आपल्या सदरासाठी माझी विनंती अशी, की दर पंधरवड्याला यातील एक वस्तू द्यावी आणि तिच्यासोबत दोऱ्याचा प्रकार आणि जाडी, सुईचे माप मिलिमीटरमध्ये, लागणारा दोरा ग्रॅममध्ये आणि तयार वस्तूचे माप सेंटिमीटरमध्ये छापावे. टाके साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब या आपल्या नावांनीच द्यावेत. इंटरनेटवरून घेतलेले नमुने तसेच छापू नयेत, कारण एकाच इंग्रजी नावाचा टाका अमेरिकेत एक आणि ब्रिटनमध्ये दुसरा असतो आणि त्यामुळे अर्धे विणून झाल्यावर माप चुकल्याचे ध्यानात येते. छायाचित्र विणीच्या सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंचे असावे, तयार वस्तूचे रंगीत छायाचित्र लहान दिले तरी चालेल. पहिला नमुना म्हणून मी वर वर्णन केलेली दुहेरी चौकोनी पकड सुचवते, आणि ती हुरड्याच्या, भरिताच्या दिवसांपूर्वी छापली गेली तर विणणाऱ्यांना लगेच वापरून पाहता येईल. नमुना छापण्याआधी तो कुणीतरी प्रत्यक्ष विणून तपासणे आवश्यक आहे. त्यासाठी माझ्या माहितीतल्या काही अनुभवी विणणाऱ्या विनामूल्य वेळ द्यायला तयार आहेत आणि माझा पत्ता या पत्रासोबत स्वतंत्र कागदावर आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त कार्यानुभव शिक्षिका,
नागपूर